कौशल्याबाईंचं चौथं लेकरू

नागपूर, ९ ऑगस्ट १९७९

ती. बाबांना विशाखाचा सविनय जयभीम.

मी बरी आहे. आईचा खोकला थांबला का?

समाजशास्त्र हे खरंच शास्त्र आहे का, असं तुम्ही विचारलं होतं. परवा वस्तीतल्या पाहणीत कौशल्याबाईंनी चार मुलं सांगितली. घरात तीनच होती. चौथं उन्हाळ्यात तापानं गेलं.

"चार झाले मले, तीन काहून सांगू वं पोरी?" त्या म्हणाल्या.

आमचे सर म्हणाले, "हयात मुलंच मोजायची. नाहीतर हे शास्त्र राहणार नाही." त्यांचं चुकलं नाही. मी चार खोडून तीन केले, आणि मग खूप रडले.

बाबा, मुलं किती असं कोणी विचारलं तर आई अजून आपल्या नंदाला धरूनच सांगते ना?

तुमची मुलगी,
विशाखा