दोन खुर्च्या आणि चिमणी

ती. वहिनीस,

धाकट्या नणंदेचा शिरसाष्टांग नमस्कार. (वहिनी म्हणावं की नाही, यावर बराच विचार केला. कोर्टाने तुझं नि दादाचं नातं मोडलं, माझं मला कुणी विचारलंच नाही. तेव्हा ते चालू आहे असं मी धरून चालते.) तुझी कंबर कशी आहे? माझं शिवणकाम बरं चाललंय, फक्त हल्ली सुई दिसते, तिचं भोक दिसत नाही.

पत्रास कारण तुमची लेक, चिमणी. तिला समुपदेशक बाईंकडे कुणी न्यायचं यावर तुम्हा दोघांचं एकमत होईपर्यंत पोरगी पंधराची पंचवीस झाली असती, म्हणून मीच नेते. माझी खोड तुला ठाऊकच आहे: बंद दार दिसलं की आत काय चाललंय ते कळल्याशिवाय मला घास उतरत नाही. आणि बाई एक अक्षर सांगतील तर शपथ. म्हणतात, ते तिचं तिच्यापाशी. शेवटी मी म्हटलं, तिला शिकवता ते मला तरी शिकवा. त्यांनी शिकवलं. राग आला की आधी त्याला नाव द्यायचं, मग एक ते दहात मोजायचा, मग पाय जमिनीला टेकवून श्वास हळूहळू सोडायचा. दुसऱ्याच दिवशी एक गिऱ्हाईक कोटाची बाही आखूड झाली म्हणून तणतणत आलं. (हात त्याचेच लांब.) मी डोळे मिटून "राग, आठ" म्हटलं आणि श्वास सोडायला लागले. तो बिचारा घाबरून पाणी आणायला धावला. पण खरं सांगते, आठाचा पाच झाला की गं! कसा झाला, ते मला अजून उमगलेलं नाही.

परवा मात्र मलाच आत बोलावलं. समोर दोन रिकाम्या खुर्च्या. एक आई, एक बाबा. चिमणीने त्यांच्याशी मनातलं बोलायचं, अशी पद्धत. तिच्या तोंडून शब्द फुटेना. (तुझ्याकडेही हल्ली गप्पच असते ना?) मग तीच म्हणाली, आत्याला बसू दे. मी काय, बसले! आधी तू झाले आणि चिमणीला सुनावलं, "बाबाला सांग, शाळेच्या सभेला वेळेवर ये." मग दादावर अन्याय नको, म्हणून पलीकडे जाऊन तिलाच म्हटलं, "आईला सांग, मला घड्याळ शिकवू नकोस." असं इकडून तिकडे पळून मला धाप लागली, बाई थांबवायचं विसरल्या आणि चिमणी खो खो हसत सुटली. हसता हसता रडायला लागली. मग तिने आपली खुर्ची ओढून त्या दोन्हींच्या मधोमध ठेवली.

"आत्या, तू निदान उठून पलीकडे जातेस. मी इथेच असते."

वहिनी, मला इतकं वाईट वाटलं की ते एक ते दहात बसेना. हे तुला कळवू का, असं तिला विचारलं. कळव म्हणाली.

तब्येतीला जप.

तुझी (अजूनही) नणंद

ता. क. बाईंनी गुरुवारी तुम्हा दोघांना बोलावलंय. खुर्च्या त्याच. मी बाहेर बसेन. दाराला कान लावणार नाही असं कबूल केलंय, किती जमतं ते बघू.

ता. क. हेच पत्र दादालाही धाडलंय, फक्त त्याचा गुडघा विचारलाय.

ता. क. तो येणार का, हे तुला विचारावंसं वाटेल. त्यालाच विचार. चिमणीला नको.