दहाचा पुकारा

चि. धाकट्या,

ताईचे आशीर्वाद. मुरगळलेला पाय बरा आहे ना?

आमच्या संघटनेच्या अधिवेशनाला आलेय. देशभरातले कोर्ट-व्यवस्थापक इथे एकमेकांच्या युक्त्या उचलतात. माझी सगळ्यांना आवडली: पुकारा अकराऐवजी दहाला करायचा आणि सूचना फक्त कोर्टाच्या दारावर लावायची. दावेदार गैरहजर दिसला की साहेब दावा फेटाळतात. ढीग झटक्यात कमी!

तुमच्या कोर्टाचे व्यवस्थापक जेवताना शेजारीच होते. "ताई, सोमवारपासूनच सुरू करतो," म्हणाले. भला माणूस.

आईला घराबाहेर काढायचा तुझा दावा सोमवारीच आहे ना? तू नेहमीच्या बसने साडेदहाला उतरशील. पायाला जप, धावू नकोस.

आई अजून तुझ्यासाठी स्वेटर विणतेय. वेडी आहे.

पत्र मुद्दाम साध्या टपालाने टाकतेय. मंगळवारी मिळेल.

तुझीच,
ताई