धुळ्याचा नोड चालू आहे

प्रिय भाऊ,

आज शुक्रवार, आणि बोर्डांची आठवड्याची यादी आली. धुळे त्यात आहे! सकाळपासून तीनदा उघडून बघितली, चष्मा पुसून पुन्हा बघितली. आपला नंबर जागच्या जागी आहे. तुला कळवल्याशिवाय मला चैन पडायची नाही, म्हणून कणीक तशीच मळून ठेवून लिहायला बसलेय.

तू म्हणशील, एवढं काय त्यात, नंबर कुठे जाणार होता? अरे बाबा, जाणारच होता. आणि जाणार होता तो माझ्यामुळे. तेही सांगते, पण आधी जरा मिरवू दे.

हे खूळ मला लावलंस तूच. दीपनगरच्या कॉलनीत राहायचास तेव्हापासूनचा तुझा तो बुलेटिन बोर्ड. कॉम्प्युटर आणि टेलिफोनमध्ये मोडेम जोडायचास, ते किंचाळायचं, आणि मग कुठला कोण अनोळखी माणूस तुझ्या फलकावर चार ओळी लिहून जायचा. पुढे इंटरनेट आलं, लोक मोबाइलवर गेले, बोर्ड बंद पडले. तू मात्र निवृत्त होऊन धुळ्याला आलास तो बोर्ड काखोटीला मारूनच!

मी टपालखात्यात सॉर्टिंगला जन्म काढलेली. मला तू एका चहात समजावलंस. "शकू, तुनंच काम शे हाई. एक बोर्ड म्हनजे एक पोस्ट, त्याले एक नंबर. एकनी दुसराले थैली देवानी, बस." बस म्हणे! तीन महिने डोकं फोडलं तेव्हा माझा मेहरूणचा नोड, म्हणजे माझा स्वतःचा बोर्ड, बोलायला लागला.

बाहेरच्या जगाचं टपाल माझ्याकडे यायचं. मी धुळ्याला कॉल करायची, थैली द्यायची, तुझी घ्यायची. तू पुढे पहूरला आणि दीपनगरला वाटायचास. खरं तर पहूर मला जवळ, पण तिथले आबा हट्टाने तुझ्याच हाताखाली राहिले. शकूताई चुका काढते आणि भाऊ गप्पा मारतो, असं त्यांचं म्हणणं. खोटं कसं म्हणू?

मग या वर्षीची आखाजी आली, लेकींनी माहेरी जायची आपली अक्षय्य तृतीया.

लग्न झाल्यापासून एकही आखाजी अशी गेली नाही की तू मला न्यायला आला नाहीस. कधी एसटीने, कधी मोटारसायकलवर, एकदा तर अंगात ताप घेऊन. यंदा फोनवर म्हणालास, "तू ये ना निंघी. आते काय न्याले येवानं?" किती सहज म्हणालास रे! मला ते असं झोंबलं की विचारू नकोस. आई-बाबा गेल्यावर माहेर म्हणजे तू. मुराळीच आला नाही तर लेकीने कोणत्या तोंडाने उंबरा चढायचा? मी गेले नाही. साठीच्या घरात आलेली बाई मी, आणि कोपऱ्यात तोंड करून बसले.

नुसती बसले असते तर ठीक होतं. मी माझ्या मशीनमध्ये जाऊन धुळ्याच्या नावापुढे 'होल्ड' लिहिलं. म्हणजे टपाल बांधून ठेवायचं, पण आपण होऊन कॉल करायचा नाही, समोरच्याने येऊन न्यायचं. वर पासवर्डही बदलला. बघू आता, म्हटलं, भाऊ न्यायला येतो की नाही!

तू आला नाहीस. तुझं मशीनही आलं नाही. ते नेहमीसारखं माझ्या कॉलची वाट बघत बसलं. दोन्हीकडे वाट बघणं चाललेलं, दोघांनाही वाटतंय की समोरचा रुसलाय, आणि आपल्या दोघांच्या पायी पहूर आणि दीपनगर उपाशी. एक फोन करायला तुला काय झालं होतं? आणि मला तरी काय झालं होतं?

पोळ्याच्या आधी तू गेलास. तुझ्या दहाव्याला मी रडले ती अर्धी तुझ्यासाठी आणि अर्धी त्या पासवर्डसाठी. हे आजवर कुणाला बोलले नाही.

त्यानंतर माझं मशीन चालूच राहिलं, पण मला त्याच्याकडे बघवेना. असं करता करता मागच्या आठवड्यात यादी सांभाळणाऱ्या गृहस्थांचा निरोप आला. धुळे कित्येक महिने मुकं आहे, येत्या यादीत त्याचा नंबर वगळावा लागेल, आणि त्याच्या आधाराने असलेले पहूर-दीपनगरही जातील. आधी त्यांचाच राग आला. माणूस जाऊन दोन-तीन महिने होत नाहीत तोवर हे नंबर पुसायला निघाले! मग लक्षात आलं की पुसायला तर मीच सुरुवात केली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली. न्यायला कोणी नाही, बोलावणं नाही, हातात डब्याची पिशवी.

वहिनी दारात वांगी भाजत होती. हात काळे, डोळे धुराने लाल. मला बघून तिने पाट सरकवला. तुझ्या खोलीत गेले तर मशीन चालू! मी चकितच झाले. तीच ती, जिने आयुष्यभर "सवत शे मनी, सवत!" म्हणून त्याच्या नावाने बोटं मोडली.

"वहिनी, हे चालू कसं?"

"बंद करी दे असं कोनी सांगं नही," ती म्हणाली, "म्हनीसन चालूच ठेवं."

लाइट गेली की उठून पुन्हा लावायची, धूळ पुसायची, तुझ्या उपरण्याने झाकायची. ते कुणाशी बोलतंय की मुकं आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. आणि मी मेहरूणला बसून ते बोलूच देत नव्हते. भाऊ, त्या क्षणी मला स्वतःच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या.

पदर खोचला आणि बसले. आधी माझा तो नवा पासवर्ड तुझ्याकडे घातला. मशीन पुन्हा सुरू केलं, चहा घेतला, आता आपोआप जमेल म्हणून बघत राहिले. काही नाही! पासवर्ड बरोबर, दोन्ही मशीनं जागी, आणि एक अक्षर हलत नाही. घड्याळ तपासलं, वायरी तपासल्या, तुला चार शिव्या घातल्या. माझं 'होल्ड' मी विसरलेच होते. शेवटी तुझी सेटिंगची फाइल उघडली आणि ओळन्‌ओळ वाचायला लागले.

प्रत्येक नोडपुढे तू टिपण लिहून ठेवलेलं, इंग्रजी अक्षरांत अहिराणी. पहूरपुढे: आबा, कपाशीना टाइमले उशिरा येस. वाचून हसू आलं. त्याच्याखाली मेहरूणची ओळ. माझ्यासारखंच, तिथेही तू 'होल्ड' लिहिलेलं. आणि पुढे टिपण: शकूले बलावानं नही. घर तिनंच शे.

किती वेळ वाचत बसले सांगू? वहिनी भाकरी टाकून आत येऊन उभी राहिली तरी मला कळलं नाही. तिला वाचून दाखवलं. ती एवढंच म्हणाली, "आखाजीले दिवसभर दारकडेच देखेत ते."

शहाण्या, हे मला फोनवर सांगायला काय धाड भरली होती? मशीनच्या कानात सांगतोस, बहिणीला नाही! आणि मीही कसली, तुझ्या त्या 'ये ना निंघी'मध्ये मला एवढंही ऐकू आलं नाही.

तुझी ओळ मी तशीच ठेवली. धुळ्याहूनच इंटरनेटवरून माझ्या मेहरूणच्या मशीनमध्ये शिरले आणि माझं 'होल्ड' पुसलं. माघार घेतली, हो! सगळ्या खान्देशाला सांग. एंटर दाबलं. पाच-सहा सेकंद शांत. मग तुझा पंखा घुं करून उठला, पडद्यावर ओळी धावायला लागल्या, महिन्यांचं तुंबलेलं टपाल मेहरूणहून धुळ्यात धो धो उतरलं! मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या अक्का काय झालं म्हणून धावत आल्या. वहिनीला वाटलं मशीन जळालं.

तासाभरात पहूर बोललं. आबांचा मजकूर: "भाऊकडथून टपाल ऊनं! कोन शे तठे?" मी लिहिलं, शकू आहे, आणि पहिल्याच ओळीत तुमची चूक काढत नाही, हे लक्षात ठेवा. दुपारी दीपनगरही जागं झालं. भरीत-भाकरी आम्ही तुझ्या खोलीतच बसून खाल्ली, ताट मांडीवर, नजर पडद्यावर.

पण एक काम उरलं होतं. त्या गृहस्थांनी कळवलं की नोड चालू दिसतोय, आनंद आहे, पण तो चालवणारं जितं माणूस हवं. नाव पाठवा. मी तुझ्या नावाच्या शेवटी जाऊन एकेक अक्षर मागे खोडत आले. जागा मोकळी झाली तशी मी वहिनीचं नाव घातलं.

"मनं नाव?" ती दोन पावलं मागे सरली. "माले काय समजस त्यामा?"

"लाल दिवा लागला की काय करता?"

"वायर काढीसन पुन्हा लावस."

"टपाल आलं हे कसं कळतं?"

"पंखा घुं करस."

"झालं तर! उरलेलं मी फोनवर सांगेन. आणि चुका काढेन."

ती हसली, भाऊ. तू गेल्यावर पहिल्यांदा.

आज यादी आल्यावर आधी तिलाच फोन केला. तिने ती ओळ माझ्याकडून दोनदा वाचून घेतली: धुळे, नंबर, सुमन. मग म्हणाली, ठेवा आता, पहूरचं टपाल येतंय, मला काम आहे. फोन ठेवलासुद्धा!

यादीत आता तू नाहीस, भाऊ. धुळे आहे.

तुला वचन देते, ते राहील. वहिनी दमली की माझं नाव घालीन, मी दमले की दुसऱ्या कुणाचं, आणि माझं नाव खोडताना त्या माणसाने रडत बसू नये हेही फाइलमध्ये लिहून ठेवीन. रुसवे माणसांनी धरावेत, टपालाने धरू नयेत. माझ्याकडून तरी पुन्हा कुणाची थैली अडणार नाही.

तुझी भांडकुदळ धाकटी,
शकू
मेहरूण, जळगाव