छातीतली सावली

१२ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

नमस्कार. आपल्या बाळाच्या, ठोंब्याच्या, छातीत सावली दिसली. काल दुपारी मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी नव्या एक्स-रेची फिल्म उजेडासमोर धरून आम्हाला दाखवली, म्हणजे बातमी खात्रीची आहे. हृदयाच्या जरा वर, फिकट, नखाएवढी. सावली गेली म्हणून लोक सुटकेचा निःश्वास टाकतात, आम्ही ती आली म्हणून आनंदाने रडलो.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र. बाकी, जंतू येऊ नयेत म्हणून ठेवलेल्या या काचेच्या खोलीत आमचं बरं चाललंय. तुमचा दादा इतक्या वेळा हात धुतो की तळहातावरच्या रेषा पुसल्या जातील. ठोंब्याला दोन दात आलेत, ते तो माझ्यावरच वापरतो.

बाईंनी पुन्हा नीट समजावलं. थायमस ही छातीतली लहानशी ग्रंथी. रोगाशी लढणाऱ्या पेशी तिथे तयार होतात. पेशींत साचणारा विषारी कचरा साफ करणारं एक एन्झाइम असतं, ते आपल्या बाळात जन्मापासूनच नाही. कोवळ्या पेशी त्या कचऱ्यात मरत राहिल्या आणि ग्रंथी रिकामी राहिली. आता तेच एन्झाइम दर आठवड्याला सुईने देतात. पेशी टिकू लागल्यात, ग्रंथी भरू लागलीय. तुमचा दादा म्हणाला, ‘‘म्हणजे सफाईवाला संपावर नव्हता, नेमलाच नव्हता.’’ बाई पहिल्यांदाच हसल्या.

त्यांनी शेजारी जुनी फिल्म लावली होती. तुम्ही काढलेली.

‘वहिनी, काय स्वच्छ आलीय छाती,’ असं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात. तुमच्या एक्स-रे खात्यात सगळी मोठी माणसं येतात. मोठ्यांची ही ग्रंथी आटलेली असते, मधली जागा मोकळी दिसली की झालं. बाळाच्या छातीत तिथे सावली हवी, हे मला तरी कुठे ठाऊक होतं? पण आजाराचं निदान झालं त्या दिवसापासून तुम्ही इकडे फिरकला नाहीत. निरोपात जंतूंचं कारण सांगता. वन्सं, काचेबाहेर उभं राहणाऱ्याचे जंतू आत येत नाहीत.

काल मी बाईंना विचारूनच टाकलं, उशीर झाला का.

‘‘उशीर? ही फिल्म बघूनच मी रक्त तपासायला पाठवलं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तीन महिन्यांचं बाळ इतकं सरळ कुणी धरत नाही. जरा वाकडी आली असती, तर सावली झाकली गेली असेल असं समजून मी फिल्म बाजूला ठेवली असती.’’

तुमच्या दादाने हे ऐकलं आणि काल पोटभर जेवला.

आजार संपलेला नाही. सुया चालू राहतील, पुढे अस्थिमज्जा बदलायचं बोलणं आहे. पण सोमवारी पुन्हा एक्स-रे आहे, आणि रक्ताचे आकडे असेच राहिले तर त्या दिवशी आमच्याखेरीज एका माणसाला आत सोडणार आहेत. कोण येणार, असं बाईंनी विचारलं. मी बाळाची आत्या म्हणून सांगून मोकळी झाले. मास्क इथे मिळेल. बाळाला सरळ धरायला हात मात्र तुमचेच लागतील.

काचेच्या आतून तुमची वाट बघणारी,
वहिनी