घुमारा-पेटी वारंवार बिघडण्याबाबत

प्रति,
मा. गाळे अधिकारी साहेब,
वऱ्हाड कारागीर वसाहत समिती,
अकोला.

विषय : गाळा खाली करण्याची नोटीस मागे घेणेबाबत, आणि पेटी कोणाच्या करणीने बिघडते याचा एकदाचा निकाल लावणेबाबत.

संदर्भ : आपली नोटीस, दिनांक २ सप्टेंबर १९६४.

अर्जदार : देवमन जानराव तायडे, धंदा घुमारा-पेट्या बनविणे व रेडिओ दुरुस्ती, गाळा चौथा, कारागीर वसाहत, अकोला.

अर्ज लिहिणार : खुशालराव अर्जनवीस, बैठक कचेरीबाहेरच्या कडुनिंबाखाली.

महोदय,

अर्जदार अत्यंत नम्रतापूर्वक निवेदन करतो की, सदर नोटिशीने त्याच्या पोटावर पाय आला आहे. ‘अत्यंत नम्रतापूर्वक’ हे शब्द अर्जलेखकाने रीत म्हणून घातले आहेत. अर्जदाराचे म्हणणे पडले की नम्रता आजवर पुष्कळ झाली, आता ते खोडा. अर्जलेखकाने खोडले नाहीत. भाषा अर्जलेखकाची आहे, हकीकत अर्जदाराची आहे, आणि मधूनमधून जो कडवटपणा लागेल तो दोघांचा मिळून आहे.

१. नोटिशीत अर्जदाराच्या मालाचा उल्लेख ‘एक प्रकारचा डबा’ असा केला आहे. तो डबा नव्हे. गवयाचा आवाज मायक्रोफोनमधून निघून भोंग्यात जाण्याआधी या पेटीतून जातो. आत दोन बारीक स्प्रिंगा ताणून बसविल्या आहेत. त्यांच्यातून आवाज थरथरत बाहेर पडतो तेव्हा उघड्या मैदानातले भजनही देवळाच्या गाभाऱ्यात चालल्यासारखे घुमते. मोटारीच्या बॅटरीवर चालते, त्यामुळे वीज नसलेल्या गावातही नेता येते. अशी पेटी मुंबईला दुकानात मिळत असेल तर अर्जदारास ठाऊक नाही. अकोल्यात ती एकटा अर्जदार करतो, एकेक पेटी महिना-महिना बसून करतो, आणि आपल्या पोरीला नाव ठेवावे तसे प्रत्येकीला नाव ठेवतो.

२. दर्यापूर तालुक्यातील मौजे सावरडोह येथील ज्ञानोदय भजन मंडळाचे अध्यक्ष उत्तमराव यांनी गतवर्षी अकोल्याच्या प्रदर्शनात ही पेटी ऐकली व तिथल्या तिथे एक सांगून ठेवली. अर्जदाराने ती जीव ओतून केली. पेटीचे बटण पायाने दाबायचे होते, कारण गवयाचे दोन्ही हात हार्मोनियमवर गुंतलेले असतात. पेटी गावात पोहोचली तशी दुसऱ्या मोटारीने परत आली. उत्तमराव स्वतः घेऊन आले. त्यांचे शब्द जसेच्या तसे : “देवमन, वाद्याले पाय लावत नसतात गड्या. ते सरस्वती हाय. तुमच्यात चालत असन, आमच्यात नाई चालत.” अर्जदाराच्या वस्तीतील गायन पार्टीत त्याची कारभारीण ललिता गाते, ती असलीच पेटी दोन वर्षांपासून पायाने दाबते आणि सरस्वतीने आजवर तिथे काही तक्रार केलेली नाही. तरी गिऱ्हाईकाचा शब्द म्हणून अर्जदाराने बटण वर काढून हाताचे केले. आता मंडळात एक इसम केवळ बटण दाबण्यासाठी बसतो.

३. यानंतर खरी साडेसाती सुरू झाली. पेटी गावी गेली की पहिल्याच भजनात खरखरू लागे व मुकी होई. ती परत येई, अर्जदार आपल्या पदरचे कथील घालून सांधे पुन्हा जोडी, वाजवून पाही, पेटी ठणठणीत घुमे. गावी गेली की पुन्हा मुकी. मंडळाची बोलणी अशी की कारागिराने जन्मभर फुकट दुरुस्ती करावी, एस. टी. ने येऊन पेटी घेऊन जावी व आणून द्यावी, आणि एकादशीच्या आत द्यावी. अर्जदाराने तेही केले. त्याच्या नाकी नऊ आले पण तो ग्राहकाला उलटून बोलला नाही. आपलेच हात खोटे पडले असे समजून तो झुरू लागला. ललिताबाईंचे म्हणणे, या दिवसांत तो जेवताना ताटावरही कानोसा घेत असे.

४. पुढच्या खेपेस झाकण उघडताच अर्जदारास स्प्रिंगेला चिकटलेले तुळशीचे पान दिसले. सांध्यांवर हिरवट बुरशी चढली होती आणि वास असा येत होता की तो कशाचा हे गोठ्यात वाढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. अर्जदार त्याच पावली सावरडोहास गेला. उत्तमराव शेतात होते. त्यांच्या मातोश्री चतुराबाई ओसरीवर होत्या. बाई मनाने चांगली आहे असे अर्जदार आजही सांगतो. तिने त्याला अंगणात बसविले, कोनाड्यात वेगळी ठेवलेली कपबशी काढून चहा दिला आणि विचारल्यावर काही लपविले नाही. ती म्हणाली : “काई नाई रे बापू. तुह्याकडून आली का जराकसं गोमूत्र शिपडून घेतो. देवापुढं ठेवा लागते ना. पहिल्या खेपेले तं म्याच शिपडलं. तू मनात काई धरू नको.”

अर्जदार म्हणाला, “मावशी, त्या शिपडण्यानंच तं मरते ते.”

यावर बाईने त्याच्याकडे खरोखरीच्या काळजीने पाहिले आणि विचारले, “मंग पक्की कावून नाई बनवत?”

 अर्जदाराने कप विसळून उपडा घातला व तो उठून आला.

५. साहेब, आता हिशेब समजून घ्यावा. पेटी बिघडली की दुरुस्तीला अर्जदाराकडे येते. दुरुस्त झाली म्हणजे तिला पुन्हा अर्जदाराचा हात लागला. हात लागला म्हणजे ती पुन्हा शुद्ध करावी लागते. शुद्ध केली की ती बिघडते. अर्जदार जितके काम चोख करील तितकी पेटी जास्त विटाळते. पाय लावायचा नाही कारण ती सरस्वती, आणि हात लावायचा नाही कारण तो देवमन. या पेटीने वाजावे तरी कसे, हे अर्जदाराने आपणास समक्ष येऊन विचारले होते. आपण त्या वेळी कामात होता. आपले उत्तर असे मिळाले की धार्मिक बाबीत समिती पडत नाही, आणि आत पाणी जाणार नाही अशी पेटी करावी. पेटीत रेडिओत असतो तसा काचेचा व्हॉल्व्ह तापतो, म्हणून झाकणाला भोके ठेवावी लागतात. ती बुजविली तर आतले सामान भाजून निघते. सबंध पेटी डांबरात बुडवून देणे शक्य आहे. मग ती गोमूत्राला दाद देणार नाही आणि गाण्यालाही देणार नाही.

६. आपल्या कार्यालयातील एका गृहस्थांनी जाता जाता अर्जदाराच्या कानात सांगितले की, दुसऱ्या कुणाच्या हातून पाठवून पाहा. अर्जदाराची अक्कल इथे गहाण पडली, हे तो स्वतःच कबूल करतो. शेजारच्या गाळ्यातले चंद्रभान मिस्त्री शिवणयंत्रे दुरुस्त करतात. माणूस सरळ आहे, जातीने पाटीलघरचा आहे. तो म्हणाला, “मी नेऊन देतो, माह्यं काय जाते.” पेटी अर्जदाराने दुरुस्त केली आणि चंद्रभानने सावरडोहास नेऊन आपली म्हणून दिली. त्या खेपेस कुणी काही शिंपडले नाही. पेटी आषाढभर घुमली. लोक म्हणे बैलगाड्या जुंपून शेजारच्या गावांहून ऐकायला आले. अर्जदाराने ही बातमी ऐकली तेव्हा त्याला आधी आनंद झाला, हे विशेष लिहावे असे तो म्हणतो. पेटी त्याचीच होती.

७. त्याच आनंदावर आपली नोटीस आली. उत्तमरावांनी समितीकडे लेखी तक्रार केली आहे की, देवमन तायडे यास जे काम वर्षभर जमले नाही ते चंद्रभान मिस्त्रीने एका खेपेत करून दाखविले, मिस्त्रीच्या हाताला देवानेच गुण दिला आहे, तरी तायडे याचा माल निकृष्ट समजावा. समितीने तसा तो समजला. गाळा खाली करून चंद्रभान मिस्त्रीस जोडून द्यावा असे ठरले. चंद्रभानला कथिलाचा डाग देण्याची कानस कोणत्या टोकाने धरतात हे ठाऊक नाही, आणि डाग कानशीने देत नाहीत हेही ठाऊक नाही. नोटीस आल्यापासून तो अर्जदाराच्या गाळ्यासमोरून जात नाही, मागच्या गल्लीने जातो. खरे काय ते लिहून देतो म्हणाला होता. घरच्या माणसांनी त्याला समजाविले असावे.

८. गाळा गेला तर अर्जदाराचा धंदा गेला. त्याच्या वस्तीत विजेचा खांब नाही. तिथे बसून रेडिओ तपासता येत नाही आणि बॅटरी भरता येत नाही. अर्जदारास मजुरीला जावे लागेल. त्याची त्याला लाज नाही, बापजन्म मजुरीच केली. पण हे हात आवाजाला लागलेले आहेत, ते आता कापसाच्या गाठी उचलायला लावू नयेत एवढीच त्याची विनंती आहे. जाता जाता असेही नमूद करतो की, नोटिशीत अर्जदाराच्या नावापुढे जी जात लिहिली आहे ती त्याने सन १९५६ साली नागपुरास सोडली. तो बौद्ध आहे. कागदावर तरी तो शुद्ध लिहावा.

९. अर्जलेखकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, म्हणून त्याने सन १९५५ च्या अस्पृश्यतेच्या कायद्याचे नाव काढले. अर्जदाराने मान हलविली. तो म्हणाला, “त्या बुढीले कोर्टात उभं करून माह्या पेटीची बदनामी पुसल्या जाते का?” तेव्हा तो विषय इथे सोडला आहे. साहेबांनी तो सोडू नये असे अर्जलेखकास वाटते, पण अर्ज त्याचा नाही.

सबब प्रार्थना की, नोटीस मागे घ्यावी. ते होत नसेल तर पेटी कचेरीत मागवून साहेबांनी चंद्रभान मिस्त्रीस आपल्यासमोर झाकण उघडावयास सांगावे, आणि आत काय काय आहे ते विचारावे. तेही होत नसेल तर गाळा खुशाल घ्यावा, परंतु हुकुमात कारण खरे लिहावे. ‘माल निकृष्ट’ असे लिहू नये. माल चांगला होता, कारागिराचा विटाळ वाटला म्हणून माल भिजविला, असे लिहून खाली साहेबांनी सही करावी. अर्जदार तो कागद घेऊन निमूटपणे चावी देईल.

आपल्या सहीची वाट पाहणारा,
देवमन जानराव तायडे
(स्वतःच्या हाताने सही केली आहे)

अकोला, दिनांक १७ सप्टेंबर १९६४

सोबत :
तुळशीचे पान, वाळलेले.
गंजलेली स्प्रिंग, वास अद्याप आहे.
चंद्रभान मिस्त्री यांचा लेखी जबाब : जागा राखून ठेवली आहे.

ता. क. : हा अर्ज लिहिला खुशालरावाने, पण घडी अर्जदाराने घातली आहे आणि पाकीट त्यानेच आणून दिले आहे. शाई कच्ची आहे, पाणी लागले की अक्षरे जातात. तरी साहेबांनी आधी वाचून घ्यावा, मग काय शिंपडायचे ते शिंपडावे. अर्ज वाचता आला नाही, अशी आणखी एक तक्रार अर्जदारावर येऊ नये.