दगडावरचा तुझा फोटो

नेगोतिन,
११ ऑक्टोबर २०२३

प्रिय विदा,

तू बरी असशील. हे वाक्य लोक सवयीने लिहितात. मी मात्र लिहून तीनदा वाचलं. इथे ठीक आहे. द्राक्षं उतरवून झाली, मिरच्या भाजून बाटल्यांत भरल्या, गुडघा तेवढा ऐकत नाही. डॅन्यूबवरचं धुकं दुपारपर्यंत हलत नाही, त्यामुळे हल्ली जागेपणीही मी अर्धवट झोपेतच असते.

तुझा फोन नंबर मिळालाय, पण लावायचा धीर होत नाही. आवाज ओळखून फोन ठेवून दिलास तर? तुला भेटायला येऊ का, एवढंच विचारायचंय. पण आधी काय झालं ते ऐक.

शेजारच्या ल्युबिंकाने तिचा जुना मोबाइल मला दिला. म्हणाली, "मावशी, नुसतं नाव टाका. आता माणूस हरवत नाही."

तुझं नाव माहेरच्या आडनावाने टाकलं तर एक दाताची डॉक्टर निघाली आणि एक जांभळ्या केसांची पोरगी. तिच्याकडेच मी कितीतरी वेळ बघत बसले. हनुवटी आपल्या घरातली वाटली.

"अहो, ती एकोणीस वर्षांची आहे!" ल्युबिंका हसायला लागली. "बहिणीचं सासरचं आडनाव काय?"

मला आठवेना. सख्खी बहीण, बघ! दोन दिवसांनी भांडी घासताना आठवलं.

ते टाकलं आणि तू आलीस. किकिंडा गावच्या एका थडगी कोरणाऱ्याच्या इंटरनेटवरच्या पानावर, काळ्या दगडावर. शेजारी तुझा रादिवोय. त्याच्या फोटोखाली दोन सालं. तुझ्याखाली जन्मसाल, आणि पुढचं सगळं शेवंतीच्या कुंडीने झाकलेलं. नवरा गेला की त्याच्याशेजारी बायकोचाही फोटो जिवंतपणीच कोरून ठेवतात, हे मला काय ठाऊक नाही? माझाही आहे, माझ्या मिलुनच्या शेजारी. दर शनिवारी जाऊन पुसते. पण तेव्हा अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे. तुझा चेहरा दोन बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला, तशी तू विरघळत गेलीस.

चाळीस दिवस मी काळे कपडे घातले. गहू शिजवून, साखर-अक्रोड घालून देवळात नेला. तिथे जिवंतांच्या मेणबत्त्या वर लावतात, मेलेल्यांच्या खाली; तुझी खाली लावली. दुपारी डोळा लागला की आपण दोघी होडीत असायचो, सगळीकडे पांढरं. तू पुढे बसलेली. मी हाका मारायचे, आणि तू काही मागे वळायची नाहीस.

मग वर्षश्राद्धाच्या प्रार्थनेसाठी नेमकी तारीख हवी म्हणून त्या थडगीवाल्याला फोन केला.

"कोण, विदाआजी?" तो म्हणाला. "अहो, त्या मंगळवारी येऊन माझ्याशी भांडून गेल्या! म्हणे, दगडावर मी जाडी दिसते!"

मी आधी हसले, मग जी रडायला लागले ती थांबेचना. तुझा नंबर आणि पत्ता त्यानेच दिला.

आता खरं सांगते. तू गेलीस असं वाटलं तेव्हा पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं. रडू नंतर आलं. चला, आता तिला सांगायला नको, असं मनात आलं गं. आई गेली तेव्हा तू दफन झाल्यावर पोचलीस आणि दारातूनच परत फिरलीस. तार उशिरा पोचली, असं मी तुला सांगितलं होतं. तार वेळेवरच पोचली. मीच ती उशिरा केली. सात वर्षं आईचं सगळं मी केलं, आणि शेवटचे चार दिवस तिच्या तोंडी फक्त तुझं नाव. जळले मी, विदा.

आणखी एक आहे. हे मी मिलुनलाही कधी बोलले नाही. शेवटच्या सकाळी आईने विचारलं, "विदा आली का?" तिला दिसत नव्हतं. मी म्हणाले, "आले गं आई. मीच विदा." ती माझ्या केसांवरून हात फिरवत राहिली. "उशीर केलास, पण आलीस," म्हणाली. मग शांतपणे गेली.

म्हणजे तिच्या लेखी तू पोचली होतीस. एकोणतीस वर्षं तू उलटंच समजून बसली आहेस, आणि मी बसू दिलं.

येऊ का?

तुझ्या नावाने आईचा हात डोक्यावर घेतलेली,
तुझी ताई
क्रुना