डाव्या काठावरची माणसं

प्रिय बारक्या,

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळे धडधाकट आहेत, दुकान चालू आहे आणि तुझे भावजी या क्षणी आरामखुर्चीत तोंड उघडं टाकून झोपलेत. फोनवर तू मला दोन वाक्यांत वाटेला लावतोस, म्हणून म्हटलं, लिहूनच काढावं. चाळिशीला टेकलेल्या माणसाला अजून बारक्या म्हणते म्हणून नाक मुरडू नकोस. पोट सुटलं म्हणून हाक बदलत नाही.

आधी बातमी. आपल्या खेळातल्या शहराचं पुस्तक निघायचं घाटतंय. खेळ छापणाऱ्या एक बाई आहेत, आपल्या डॉक्टरीणबाईंकडे दाढ काढायला आल्या होत्या. समोरच्याला उत्तर देता येत नाही हे बघूनच आपल्या डॉक्टरीणबाईंच्या जिभेला पाय फुटतात, हे तुला माहीत आहे. दाढ निघेपर्यंत त्यांनी बाईंना निम्मं शहर फिरवून आणलं. बाई सुजलेल्या गालानेच माझ्या दुकानात गोळ्या घ्यायला आल्या आणि काउंटरला टेकून विचारत राहिल्या. आजवर त्या पोरांचे पटावरचे खेळ छापत आलेल्या, आपला प्रकार त्यांना नवा. मी सांगितलं की टेबलाभोवती बसायचं, एकाने सांगायचं की तुम्ही अमुक गल्लीत उभे आहात आणि समोर असं असं दिसतंय. बाकीच्यांनी आपापलं सोंग घेऊन काय करायचं ते ठरवायचं, आणि जमलं की फसलं ते फाशांवर सोडायचं. बाईंना हे इतकं आवडलं की गोळ्या काउंटरवरच विसरून गेल्या.

त्यांना सगळ्यात मजा वाटली ती आपल्या नदीच्या कराराची. उजवा काठ माझा, डावा तुझा. आपल्या काठावर कोण राहतं, कुठल्या दारामागे काय आहे, हे दुसऱ्याला टेबलाबाहेर सांगायचं नाही. जाणून घ्यायचं असेल तर नावेत बसा, पलीकडे उतरा, दार ठोठावा आणि फासे टाका. आणि पलीकडे जे कळलं ते त्या दिवशी टेबलावर नसलेल्यांना सांगायचं नाही, ज्याचं त्याने शोधायचं. मी बाईंना म्हटलं, भाऊ माझा सख्खा, पण त्याच्या काठावरच्या विहिरीत उद्याचे आवाज का ऐकू येतात हे विचारून माझ्या जिभेला फोड आले तरी त्याने सांगितलं नाही. डाव मांडल्यावर मी तीन वेळा त्या विहिरीत पडले, तेव्हा कुठे थोडंसं कळलं.

पण बाईंचं म्हणणं असं की पुस्तकात अर्धं शहर चालणार नाही. आता माझं तुला ठाऊकच आहे. माझा काठ औषधांच्या कप्प्यांसारखा लावलेला. खोटं बोलणं तोलून देणारा वजनकाटेवाला, वारा अडवून जकात घेणारी चौकी, सगळं टाइप करून तयार. तुझ्या काठाचा मात्र एक चिटोरा नाही, सगळं तुझ्या डोक्यात. म्हणून तुला फोन केला. आठवतंय ना काय म्हणालास ते? कुणाला काय आठवेल ते घे आणि लिहून टाक, मला काही हरकत नाही.

बारक्या, मी फोन ठेवला आणि काउंटरवर तशीच उभी राहिले. तुझ्या काठावरच्या एका दिव्याचा रंग मी परस्पर बदलला म्हणून तू आठवडाभर माझ्याशी बोलला नव्हतास. तोच तू आख्खा काठ रद्दीवाल्याला द्यावा तसा देऊन मोकळा झालास. मला राग आला असं म्हणणार होते, पण खरं सांगायचं तर राग नाही, कुतूहल चाळवलं. मी जन्माची भोचक. कुणी घाईघाईने कप्पा बंद केला की त्यात काय आहे ते बघितल्याशिवाय माझा घास खाली उतरत नाही. मग मी एकेकाला गाठायला सुरुवात केली.

पहिल्या डॉक्टरीणबाई. दवाखान्यात पेशंट नव्हता, म्हणून मलाच खुर्चीत बसवलं. त्यांना तुझी पाववाली आठवत होती, जिच्या भट्टीत लाकडाऐवजी ड्रॅगनचं पिल्लू राहायचं आणि त्याला गोष्ट सांगितली नाही तर पाव कच्चे राहायचे. डॉक्टरीणबाईंनी त्या पिल्लाची दुखरी दाढ काढून दिली होती म्हणे, वीस बाजूंच्या फाशात पुरे वीस पडले म्हणून वाचल्या, नाहीतर हात भाजला असता. हे सांगताना कोण अभिमान. पण शेवटच्या खेपेला त्या गेल्या तेव्हा भट्टी थंड होती. पाववाली मिठाच्या डोंगराकडे आपल्या बहिणीकडे निघून गेलेली, पिल्लाला लोखंडी पेटीत गोधडीवर निजवून बरोबर नेलेलं. यामागे नक्की कुठल्या तरी चेटकिणीचा हात आहे असं डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच ताडलं होतं, फक्त करारामुळे तोंड शिवून बसल्या होत्या. त्या तोंड शिवून बसल्या, यावरूनच कराराची ताकद कळते.

मग आपले बसवाले. डेपोच्या बाकावर डबा खाता खाता त्यांनी सावल्या भाड्याने देणाऱ्या म्हाताऱ्याचं सांगितलं. त्याच्या दुकानात खुंट्यांवर सावल्या टांगलेल्या असायच्या आणि बसवाल्यांनी एकदा चुकून बाईची सावली नेल्यामुळे बाजारात फजिती झाली होती. तो म्हाताराही गेला. लेकीकडे, समुद्राच्या पलीकडे. जाण्याआधी प्रत्येक सावली ज्याची त्याला परत केली. बसवाल्यांच्या मते ही सावल्याचोरांची टोळी आहे आणि म्हातारा त्यांच्या भीतीने पळाला. ते सुट्टी काढून त्या टोळीचा छडा लावणार होते, तेवढ्यात तू गाव सोडलंस.

तुझ्या भावजींना विचारलं तर आधी करार करार करत बसले. चहा दोनदा दिल्यावर बोलले. प्रतिध्वनींना बोलायला शिकवणारी तुझी ती शाळा त्यांनी बंद पाहिली होती. मास्तरीणबाई शेवटच्या प्रतिध्वनीला त्याच्या दरीत सोडायला निघाल्या होत्या, वाटेत भूक लागेल म्हणून पुरचुंडी बांधून. भावजींना वाटलं, शहरात मुकेपणाची साथ येणार आहे. आणि मी? मला तुझ्या विहिरीवर फळ्या ठोकलेल्या दिसल्या होत्या. मी औषधवाली, मला दुसरं काय सुचणार, मी विषबाधा धरून चालले होते. उताऱ्याच्या सोळा बाटल्या माझ्या सोंगाने पाठीवर वागवल्या. तू समोर बसून माझी गंमत बघत होतास, असं मला वाटलं होतं.

रविवारी दुपारी सगळ्यांना घरी बोलावलं. म्हटलं, पुस्तकासाठी एकदाचा करार मोडू. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला आणि ज्याने जे घर बंद पाहिलं तिथे बाटलीचं एक झाकण ठेवायचं ठरवलं. सुरुवातीला गलका होता. डॉक्टरीणबाईंची चेटकीण, बसवाल्यांची टोळी, भावजींची साथ, जो तो आपलंच घोडं दामटत होता. मग झाकणं वाढत गेली. रंगारी. जोडे शिवणारी म्हातारी. पुलाखालचे ते भांडकुदळ जुळे. मी स्वयंपाकघरातून आणखी झाकणं आणली. तीही पुरेनात तेव्हा भावजींनी शर्टाची बटणं काढून दिली, आणि तो विनोद होता हे त्यांच्याही लक्षात राहिलं नाही. डाव्या काठावर ठेवायला जागा उरली नव्हती.

चेटकीण नव्हती, बारक्या. टोळीही नव्हती. आम्ही चौघं शहाणे एकाच गोष्टीचे चार तुकडे खिशात घेऊन फिरत होतो आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपल्यापुरतं एक कोडं घातलंय. तू आख्खा काठ रिकामा करत होतास, घर घर करून, आमच्या डोळ्यांदेखत, आणि आम्ही फासे टाकत होतो. हे कधी सुरू झालं ते बसवाल्यांनीच सांगितलं. सावल्यांचा म्हातारा गेला तेव्हा तू कामाला होतास तो चष्म्याच्या काचांचा कारखाना बंद पडणार अशी कुणकुण नुकती लागली होती. विहिरीवर फळ्या पडल्या तेव्हा तो बंद झाला होता. त्यानंतर तू तिकडच्या गोदामातली नोकरी धरलीस, जाताना मला म्हणालास की बदल हवाच होता. मी तुला बॅगेत घालायला खोकल्याचं औषध दिलं.

मी खूप विचार केला यावर. कुतूहलाची जागा भीतीने घेतली, हे लपवून काय उपयोग. पण एक गोष्ट मला राहून राहून आश्चर्याची वाटते. तू एकालाही वाऱ्यावर सोडलं नाहीस. कुणाला बहिणीकडे पाठवलंस, कुणाला लेकीकडे, भांडकुदळ जुळ्यांनासुद्धा एकत्र राहता येईल अशी खोली बघून दिलीस. स्वतःचं काम हातातून चाललेलं असताना, जी माणसं खरी नाहीतच त्यांची सोय लावत बसलास. डॉक्टरीणबाई रडल्या. मीही रडले. बसवाले खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि तिथूनच त्यांनी तो शेवटचा तुकडा सांगितला.

घाटावर एक माणूस असायचा म्हणे. त्याला नाव नव्हतं, धंदा नव्हता. लोकांची गाठोडी नावेत चढवून द्यायचा, म्हाताऱ्यांना हात द्यायचा, नाव दिसेनाशी होईपर्यंत उभा राहायचा. एरवी प्रत्येकाला वेगळा आवाज काढणारा तू, त्याचं बोलताना आवाज बदलत नव्हतास. बसवाल्यांनी त्याला एकदा विचारलं होतं की बाबा रे, तुझी पाळी कधी, तुझं कोण आहे पलीकडे. त्यावर तो म्हणाला, आधी सगळ्यांना जाऊ दे, माझं बघू. बसवाल्यांनी ते तिथेच सोडून दिलं, कारण फासे टाकायची पाळी दुसऱ्याची होती. आम्ही सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या माणसासाठी ठेवायला कुणाकडेच झाकण नव्हतं, कारण तो कुठे गेला हे कुणालाच माहीत नव्हतं.

पुस्तकवाल्या बाईंना मी थांबायला सांगितलंय. त्या थांबल्या तर ठीक, नाहीतर त्यांनी खुशाल सापशिडी छापावी. डावा काठ मी लिहिणार नाही. तू लिहावास म्हणूनही हे पत्र नाही. हे पत्र अशासाठी की येत्या रविवारी सकाळच्या गाडीने आम्ही चौघं तुझ्याकडे येतोय. बसवाल्यांनी रजा टाकली, डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यावर पाटी लावली, आणि दुकान मी उघडं सोडून आले तरी चालेल. तुझी एकच खोली आहे, बसायला जागा नाही, गोदामात जादा पाळी आहे, यातलं काही मला फोन करून सांगू नकोस. मी विचारत नाही, कळवतेय. फासे घरी ठेवून येतोय. तुझ्याशी काय बोलायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही, पण सगळं ठीक आहे हे सोडून तू जे काही सांगशील ते ऐकल्याशिवाय मी तिथून उठणार नाही.

तुझीच भोचक,
ताई